आर्यभट : छायेचे गणित

इ. स. ४७६ मध्ये जन्मलेल्या आर्यभटांनी अवघ्या २३व्या वर्षी, ४९९ च्या सुमारास, ‘आर्यभटीय’ रचले. त्याच्या गोलपादात त्यांनी राहू-केतूंना बाजूस सारून ग्रहणाचे खरे कारण मांडले. अमावास्येला चंद्र मध्ये येऊन सूर्यबिंब झाकतो, ते सूर्यग्रहण. पौर्णिमेला पृथ्वीची छाया चंद्रावर पडते, ते चंद्रग्रहण. त्या छायेची लांबी काढण्याची रीतही त्यांनी दिली.

चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्याने ग्रहण दरमहा घडत नाही. चंद्राची गडद सावली लहान, म्हणून खग्रास सूर्यग्रहण अरुंद पट्ट्यातच दिसते. चंद्रग्रहण मात्र, जिथे रात्र असून चंद्र क्षितिजावर असेल, त्या साऱ्या भागातून दिसते.

पुढे ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी, स्वतः छायेचेच गणित करीत असूनही, राहू नाकारल्याबद्दल आर्यभटांना दोष दिला. गणित पंडितांपाशी राहिले, भीती लोकांना मिळाली. त्या भीतीची किंमत आमच्या पूर्वजांनी मोजली. महाराष्ट्राच्या गावगाड्यात ग्रहण लागले की महार-मांगांनी दारोदार दान मागत फिरावे, अशी रीत होती. ज्यांना राहूचे नातलग ठरविले, त्यांच्यापर्यंत आर्यभट कोणी पोहोचविले नाहीत.

म्हणून आर्यभट शिकविताना आम्ही मुलांच्या हाती दिवा आणि दोन चेंडू देतो. सावली कोणाची, हे ती स्वतः पाहतात.