अलेक्झांडर बेन

अलेक्झांडर बेन (१८१० – २ जानेवारी १८७७) हे स्कॉटलंडमधील घड्याळजी व संशोधक होते. विद्युत घड्याळाचे पहिले पेटंट त्यांच्या व बारवाइज यांच्या नावे आहे. ॲबर्डीनचे तत्त्वज्ञ अलेक्झांडर बेन (१८१८–१९०३) हे त्यांचे नामबंधू. दोघांची गल्लत नेहमी होते.

जीवन

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या केथनेस परगण्यातील वॉटन या खेड्यात, गरीब व मोठ्या शेतकरी कुटुंबात बेन यांचा जन्म झाला. शाळेत त्यांना फारसे यश मिळाले नाही. पुढे विक येथील एका घड्याळजीकडे ते उमेदवारी करू लागले. जानेवारी १८३० मध्ये थर्सो येथे विज्ञानावरील एक व्याख्यान त्यांनी ऐकले आणि विजेचे वेड त्यांना लागले ते कायमचेच. १८३७ मध्ये ते लंडनला आले व घड्याळजींच्या क्लार्कनवेल या वस्तीत कारागिरी करू लागले.

व्हीटस्टन यांच्याशी वाद

१८४० च्या ऑगस्टमध्ये बेन यांनी आपल्या कल्पना प्रा. चार्ल्स व्हीटस्टन यांना दाखविल्या. व्हीटस्टन यांनी त्यांना या कामापासून परावृत्त केले, असे बेन यांचे म्हणणे होते. नोव्हेंबरमध्ये मात्र व्हीटस्टन यांनी रॉयल सोसायटीपुढे विद्युत घड्याळ स्वतःचे म्हणून सादर केले. सुदैवाने बेन यांनी कालमापक बनविणाऱ्या जॉन बारवाइज यांच्यासह ऑक्टोबरमध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता. ११ जानेवारी १८४१ रोजी ते मंजूर झाले. एका बाजूला मान्यवर प्राध्यापक आणि दुसऱ्या बाजूला रोजंदारीचा कारागीर, असा हा सामना होता. त्या एका अर्जाची तारीख नसती तर बेन यांचे नाव आज बहुधा कोणी घेतले नसते. पुढे १८४६ मध्ये इलेक्ट्रिक टेलिग्राफ कंपनीचे विधेयक उमराव सभेपुढे आले. तेथे बेन यांची साक्ष झाली आणि कंपनीला मोठी रक्कम देऊन त्यांच्याशी तडजोड करावी लागली.

घड्याळे व आगीची सूचना

बेन यांच्या घड्याळात लंबकाच्या गोळ्याच्या जागी तारेचे वेटोळे असे. ते चुंबकांच्या जवळून झुले. लंबकाच्या हालचालीनेच विद्युत मंडल जुळे व तुटे, आणि त्यातून लंबकाला पुढचा रेटा मिळे. किल्ली देण्याचे कामच उरले नाही. विजेसाठी त्यांनी जस्त व तांब्याचे पत्रे ओलसर जमिनीत पुरून ‘भूमी-घट’ केला. पुढे एडिंबरो येथे राहून त्यांनी अशी घड्याळे तयार केली. एका लंबकाच्या आधाराने दूरवरची अनेक घड्याळे एकच वेळ दाखवू शकतात, ही त्यांची मूळ कल्पना होय.

१८४४ च्या पेटंटात जहाजाचा वेग व समुद्राची खोली मोजण्याच्या साधनांसह आगीची सूचना देणारे उपकरणही आहे. जहाजाच्या तळाशी मालाच्या कोठारात लागलेली आग वर डेकवर उशिरा कळे. बेन यांच्या उपकरणात उष्णतेने तापमापकातील पारा ठरावीक खुणेपर्यंत चढला, की तोच मंडल पूर्ण करी आणि घंटा वाजे. लंबक काय किंवा पारा काय, माणसाच्या मदतीविना मंडल जोडणारी वस्तू शोधणे हेच त्यांचे कौशल्य होते.

अन्य शोध व अखेर

२७ मे १८४३ च्या पेटंटात तारेवरून प्रतिमा पाठविण्याची पद्धत आहे. फॅक्सचा आरंभ तेथून मानतात. त्यांच्या रासायनिक तारयंत्राने पॅरिस व लील यांच्या दरम्यान २८२ शब्द ५२ सेकंदांत पाठविले. अमेरिकेत मात्र मॉर्स यांच्या पक्षाने न्यायालयातून त्याला अडविले. तडजोडीतून आलेला पैसा कज्जेदलालीत गेला.

१८७३ मध्ये विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन), विल्यम सीमेन्स आदींच्या खटपटीने पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी बेन यांना वर्षाला ८० पौंड निवृत्तिवेतन मंजूर केले. परंतु ते इतक्या अज्ञातवासात होते, की त्यांचा पत्ता शोधण्यातच बराच काळ गेला. अखेरीस पायांना पक्षाघात झाला. ग्लासगोजवळील कर्किंटिलॉक येथे असाध्य रुग्णांच्या आश्रमात त्यांचे निधन झाले व तेथील ‘ऑल्ड आइल’ दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.