परक्या शहरातील निवारा : श्री संत गाडगेबाबा

ज्या थोर पुरुषांच्या जन्माने आपला परीट समाज धन्य झाला, त्यांत श्री संत गाडगेबाबांचे स्थान अग्रगण्य होय. बाबांचे नाव घेताच हातातील खराटा, डोक्यावरील गाडगे आणि अंगावरील चिंध्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालले, अमरावतीच्या विद्यापीठासही त्यांचेच नाव देण्यात आले. परंतु बाबांनी ज्या धर्मशाळा उभारल्या, त्यांमागील विचार आपल्या तरुण पिढीस फारसा परिचित नाही. तो परिचय करून द्यावा, एवढ्याच हेतूने हा अल्पसा प्रयत्न.

बाबांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील मद्याच्या व्यसनापायी निवर्तले, तेव्हा डेबूजी अगदी लहान होते. मातोश्री सखूबाईंनी मुलास घेऊन मूर्तिजापूरकडील दापुरे या गावी भावाचा आश्रय घेतला. तेथे डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला व मामाच्या शेतीत अपार कष्ट केले. परंतु ती शेतीही सावकाराच्या पाशात सापडली. डोक्यावरचे छप्पर आणि पायाखालची जमीन किती सहज जाते, हे त्यांनी बालपणीच अनुभवले.

दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे भ्रमणात गेली. दिवसा गाव झाडावे, कोणाचे काम करून भाकरी मिळवावी, रात्री कीर्तन करावे आणि मिळेल तेथे अंग टाकावे, असा त्यांचा क्रम होता. परक्या गावी गरिबाने रात्र कोठे काढावी, हा प्रश्न त्यांनी पुस्तकातून जाणला नाही. तो त्यांनी स्वतः भोगला.

पूर्णा नदीच्या तीरावरील ऋणमोचन येथे यात्रेकरूंचे चिखलात हाल होत. तेथे बाबांनी घाट बांधविला व स्वतः मजुराप्रमाणे राबले. पुढे त्यांची दृष्टी तीर्थक्षेत्रांकडे वळली. पंढरपुरास अठरापगड जातींचे वारकरी जात. पण ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले जाई, त्यांना विठ्ठलाच्या नगरीत छप्पर मिळणे दुरापास्त होते. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणीही धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची ती वास्तू सन १९४९ मध्ये बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

एक निरक्षर, निष्कांचन मनुष्य एवढ्या वास्तू कशा उभारू शकला, याचे उत्तर सरळ आहे. शहरात घर महाग असते, कारण तेथे जागा महाग असते आणि भाड्यात मालकाचा नफा मिळविलेला असतो. बाबांच्या धर्मशाळेस मालकच नव्हता. कीर्तन ऐकून धनवंतांनी पैसा द्यावा, गरिबांनी श्रम द्यावेत, आणि झालेल्या वास्तूचा नफा कोणी घेऊ नये, अशी ती रीत होती. भांडवल दानातून आले म्हणजे राहणाऱ्यावर झाडलोट, पाणी व दिवाबत्ती एवढाच काय तो भार उरतो. म्हणून तेथे मोलमजुरी करणाऱ्यासही राहणे परवडते.

या रीतीस कायद्याचे बळ मिळावे म्हणून दि. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. लोकांच्या पैशातून झालेले लोकांचेच राहावे, त्यावर आपल्या आप्तेष्टांचा कोणताही हक्क चालू नये, याविषयी बाबा कमालीचे दक्ष होते. स्वतः त्यांनी या वास्तूंचे सुख कधी भोगले नाही. इतरांसाठी पक्क्या भिंती बांधणारा हा महापुरुष झाडाखाली वा झोपडीत निजे.

सन १९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. हा टप्पा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पूर्वीची धर्मशाळा देवाच्या दाराशी असे. ही दवाखान्याच्या दाराशी आली. आजारी माणसाला खाट मिळते, पण त्याच्या उशाशी आलेल्या पत्नीने किंवा भावाने त्या अफाट नगरीत कोठे राहावे? हा प्रश्न बाबांनी ओळखला. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वाटेतच, वलगावनजीक, त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या पश्चात दादर येथे त्यांच्या नावाने धर्मशाळा उभी राहिली. परळच्या टाटा रुग्णालयात येणारे कर्करोगाचे असंख्य रुग्ण व त्यांचे सोबती तेथे आश्रय घेतात. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंना घेऊन मीही बल्लारशाहहून रेल्वेने मुंबईस गेलो होतो. पहिले चार दिवस एका खाजगी लॉजमध्ये काढले आणि औषधासाठी बांधून नेलेला पैसा निम्म्यावर आला. पाचव्या दिवशी दादरच्या धर्मशाळेत जागा मिळाली व उपचार पुरा करता आला. शेजारच्या खाटेवर कोण होते, कोणत्या जातीचे होते, हे आम्हांस कोणी विचारले नाही, आम्हीही विचारले नाही. बंधू पुढे नऊ वर्षे जगले.

समाजबंधू-भगिनींनो, हे सांगण्याचे प्रयोजन आता उघड करतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय रुग्णालयाजवळ आपल्या मंडळाने निवासगृह बांधावे, असा विचार चालू आहे. सिरोंचा, भामरागड, एटापल्लीकडून येणाऱ्या माणसास तेथवरचा प्रवासच जड जातो. मग राहण्याचा खर्च कोठून आणावा? विचार स्तुत्य आहे. तथापि दोन सूचना पुढे आल्या आहेत. मोठ्या देणगीदारांच्या कुटुंबांसाठी काही खोल्या कायम राखाव्यात, ही एक. आणि प्रवेश केवळ आपल्या समाजास असावा, ही दुसरी. सूचना करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. आपल्या पैशाने आपल्या माणसाची सोय आधी व्हावी, ही भावना स्वाभाविक आहे. परंतु ज्यांची तसबीर आपण त्या वास्तूच्या दर्शनी भागी लावणार, त्यांनी आयुष्यभर याच दोन गोष्टी टाळल्या. दात्याने दान दिल्यावर हक्क ठेवू नये, आणि दुखणाईताची जात विचारू नये, हाच त्यांच्या चरित्राचा सारांश होय.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कोणत्याही गरजू रुग्णाच्या सोबत्यास ते दार उघडे राहिले, तर बाबांच्या कुळात जन्मल्याचे सार्थक होईल. येत्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक सभासदाने याचा शांतपणे विचार करावा, अशी नम्र प्रार्थना करून व बाबांच्या चरणी वंदन करून हा लेख पुरा करतो.