फादर थॉमस स्टीफन्स : ज्यांनी घरच्या उपासनेला ओवी दिली

आपल्या कुंभार पिंपळगावहून जांब फार दूर नाही. तिथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण. तिथल्या संत एकनाथांनी त्याआधी नऊ वर्षे, म्हणजे १५९९ मध्ये, देह ठेवला होता. नेमक्या त्याच १६०८ साली गोव्यात एक इंग्रज धर्मगुरू रोमला आपल्या संघाच्या महाप्रमुखांना पत्र लिहून मराठी अक्षरांचे खिळे पाडण्याची परवानगी मागत होते. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. पण हे पुराण त्यांनी कशासाठी लिहिले, याची माहिती आपल्यापैकी थोड्यांनाच असेल, म्हणून या रविवारी त्यांच्याविषयी थोडेसे.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या बुश्टन गावचा. तो काळ राणी एलिझाबेथचा. कॅथलिक माणसाला मिस्सा ऐकायची तर दार लावून, चोरून ऐकावी लागे. थॉमस पाऊंड नावाचा त्यांचा एक मित्र होता. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरवले. निघायच्या बेतात असतानाच पाऊंड पकडला गेला आणि पुढची सुमारे तीस वर्षे त्याने तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. प्रार्थनेची किंमत काय असते हे या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती, असे आम्हांला वाटते.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. या प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळवले. ताजे अन्न न मिळाल्याने जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व सत्तावीस दगावली. एवढ्यावर निभावले म्हणून खलाशी समाधान मानत होते! त्यानंतर फादरांनी मायदेश पुन्हा पाहिला नाही. उरलेली चाळीस वर्षे गोव्यात, त्यातली बहुतेक साष्टी भागात, गेली.

साष्टीतला तो काळ सोपा नव्हता, आणि तो झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळे पाडली होती, लोकांचे जुने ग्रंथ काढून घेतले होते. लोकांच्या मनात राग होता. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचे देह ताब्यात मिळवून आणून त्यांचे दफन करण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. अशा प्रसंगानंतर एखादा मनुष्य लोकांपासून दुरावला असता. फादर स्टीफन्स मात्र त्याच लोकांची भाषा शिकत राहिले. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इकडच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले आहे. हे विद्वानांच्या लक्षात यायला पुढे दोनशे वर्षे लागली.

आता मुख्य गोष्ट. बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांना धर्मशिक्षण मिळत होते, मुले प्रार्थना पाठ करीत होती. पण संध्याकाळी घरात बसून काय वाचायचे, काय गायचे? पूर्वी पुराण असे. ते गेले आणि त्या जागी काहीच आले नाही. फादर स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथात हेच गाऱ्हाणे एका श्रोत्याच्या तोंडी घातले आहे : आमची जुनी पुराणे वाचायला मनाई झाली, मग त्यासारखे दुसरे काही आम्हांला का देत नाही? हा प्रश्न एका धर्मगुरूने ऐकला, मनावर घेतला आणि छापून जगासमोर ठेवला, हे आम्हांला त्या सबंध ग्रंथाइतकेच मोलाचे वाटते.

त्या प्रश्नाचे उत्तर १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. एकूण १०,९६२ ओव्या. पहिल्या भागात जुना करार, छत्तीस अध्यायांचा; दुसऱ्यात प्रभू येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन व पुनरुत्थान, एकोणसाठ अध्यायांचे. भाषा मराठी, तीत कोंकणीची मिसळ. ओवी तर ज्ञानेश्वर-एकनाथांचीच. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. ऐकणाऱ्याच्या कानाला जे शब्द सवयीचे, त्यांतूनच त्यांनी प्रभूची कथा सांगितली. रविवारी व सणाच्या दिवशी धर्मशिक्षणानंतर देवळात ती वाचली जाई आणि मग घरोघरीही गाइली जाऊ लागली. जात्यावर बसलेल्या बाईलाही ओवी पाठ व्हायला पुस्तक लागत नाही, हे आपल्या मराठवाड्यात निराळे सांगायला नको.

खिळ्यांचे मात्र जमले नाही. मराठीची सहाशे अक्षररूपे दोनशेपर्यंत आणता येतील, असा हिशेबही त्यांनी पत्रात दिला होता. तरी ग्रंथ रोमन लिपीतच छापावा लागला. १६१९ मध्ये फादरांचे गोव्यात निधन झाले. मुलांसाठी प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले त्यांचे धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये व कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. छापणे बंद पडले. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ टिकला कसा? लोकांनी हाताने नकला केल्या. कुटुंबे गोवा सोडून मंगळूरकडे गेली तेव्हा पुराणही त्यांच्याबरोबर गेले, आणि त्या बाजूच्या देवळांत ते १९३० च्या सुमारापर्यंत गाइले जात होते. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले, अजूनही रोमन लिपीतच. देवनागरीतले एक हस्तलिखित लंडनच्या ग्रंथालयात सापडले ते त्यानंतर.

देवनागरीत छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी काढले, ते १९५६ साली. फादरांच्या त्या पत्राला तोवर ३४८ वर्षे झाली होती. त्यानंतर देवनागरीत आणखीही आवृत्त्या निघाल्या आहेत. भाषा जुनी आहे, पहिल्या दिवशी अडखळायला होते. पण ज्यांच्या घरी एकनाथी भागवत किंवा हरिपाठ ऐकलेली आजी आहे, त्यांनी तिला जवळ बसवावे. उपवासकाळात दुःखसहनाच्या अध्यायांपासून सुरुवात करता येईल. संध्याकाळी माळेची प्रार्थना झाली की दहा ओव्या, मोठ्याने, आणि शक्यतो चालीवर.