निर्णयानंतरची कसोटी : शेठ वालचंद हिराचंद

व्यापारी कुळात वाढलेल्या माणसाला निर्णय घेणे निराळे शिकवावे लागत नाही. कापूस कोणत्या भावाने धरून ठेवावा, पेढीची रक्कम कोठे गुंतवावी, जिन स्वतः घालावा की दुसऱ्याचा भाड्याने चालवावा, ही बोलणी त्याच्या कानावर बालपणापासून पडत असतात. खरा कठीण काळ निर्णयानंतरचा असतो. कागदावर सही झालेली असते, रक्कम अडकलेली असते, माघारीची वाट बंद झालेली असते आणि नेमक्या त्याच वेळी आपण चुकलो तर नाही ना, ही शंका मनात घर करू लागते. अशा काळात माणसाने कसे वागावे, याचा एक मोठा वस्तुपाठ शेठ वालचंद हिराचंद दोशी यांच्या चरित्रात आढळतो. भारतीय नौकानयनाचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या पहिल्या जहाजाचे पुढे काय झाले आणि त्यानंतरची वर्षे त्यांनी कशी काढली, याची आठवण सहसा ठेवली जात नाही.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे गुजरातचे, पण व्यापाराच्या निमित्ताने सोलापुरात येऊन तेथीलच झालेले. जन्मानंतर अल्पकाळातच ते मातृसुखाला पारखे झाले. सोलापूर, मुंबई आणि पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले, पण पदवीपर्यंत न जाता ते व्यवसायात आले. घरी सावकारीची व मालाची चालती पेढी होती. तीवर बसून सुखाने आयुष्य काढता आले असते. परंतु वालचंदांचे मन तेथे रमले नाही. रेल्वेत कारकून म्हणून काम केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून हा व्यवसाय वाढत गेला. पुढे भागीदारांच्या वाटा वेगळ्या झाल्या, तरी बांधकामाच्या धंद्याने वालचंदांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे मोठ्या कामाचा अंदाज बांधण्याची सवय. दुसरी म्हणजे ठरल्याप्रमाणे न घडणाऱ्या गोष्टींना तोंड देण्याची तयारी. डोंगर फोडताना आत कोणता खडक लागेल हे कंत्राटावर सही करताना कोणालाच ठाऊक नसते, हे त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले होते.

रुळांवरून हा गृहस्थ समुद्राकडे का वळला, हे समजण्यासाठी आपल्या वऱ्हाडकडेच पाहावे. कारंजा, वाशीम परिसरातील कापूस त्या काळी दूरदूरच्या गिरण्यांना जात असे. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणू लागले, ती मुख्यतः या कापसासाठीच टाकलेली होती आणि तिची व्यवस्था किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीकडे होती. गाठी मुंबईच्या गोदीत पोहोचल्या की पुढे परदेशी कंपन्यांचीच जहाजे. कापूस पिकविणारा, वेचणारा आणि विकणारा आपला; त्याला समुद्रापार नेण्याचा नूर मात्र परक्यांच्या तिजोरीत. वऱ्हाडची ही स्थिती साऱ्या देशाची होती. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांचे समुद्रावर राज्य होते आणि त्यांचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांचे सरकारदरबारी मोठे वजन होते.

या सत्तेला आव्हान देण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात जपानच्या व्यापारासाठी भाड्याची जहाजे चालविली. परकीय कंपन्यांनी नूर इतका खाली आणला की टाटांना तो उपक्रम आवरता घ्यावा लागला. तुतिकोरिन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ साली स्वदेशी जहाज कंपनी काढली. भाडे पाडून आणि राजकीय दडपण आणून तीही मोडण्यात आली. पिल्लै तुरुंगात गेले आणि १९११ च्या सुमारास कंपनी संपली. हा इतिहास वालचंदांसमोर होता. या वाटेने गेलेले त्यांच्याहून मोठे आणि त्यांच्याहून धाडसी लोक परत फिरले होते, हे जाणूनच त्यांनी पाऊल टाकले.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा जगात जहाजांचा मोठा तुटवडा होता. एम्प्रेस ऑफ इंडिया नावाचे एक प्रवासी जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे होते. युद्धकाळात महाराजांनी ते घेऊन त्यावर रुग्णालय चालविले होते आणि त्याचे नाव लॉयल्टी असे ठेवले होते. वालचंदांनी हे जहाज घेण्याचे ठरविले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास हे मातब्बर सहकारी त्यांना लाभले. नरोत्तम मोरारजींचे घराणे गिरणीमालकांचे असून सोलापूरच्या कापडगिरणीशीही त्याचा संबंध होता. मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाले. भारतीय मालकीच्या कंपनीचे जहाज थेट विलायतेला निघाल्याचा तो दिवस देशाला अभिमानाचा वाटला. १९६४ पासून तो राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

त्यानंतर लवकरच कठीण दिवस सुरू झाले. लॉयल्टी १८९० साली बांधलेले, म्हणजे खरेदीच्या वेळी सुमारे २९ वर्षांचे जहाज होते. जुन्या जहाजाला दुरुस्ती फार, कोळसा फार आणि विश्रांतीही फार. त्यातच युद्धोत्तर तेजी ओसरली. १९२० नंतर जगभर जहाजांचा नूर कोसळला. युद्धाच्या अखेरीस चढ्या भावाने घेतलेली जहाजे अनेक कंपन्यांच्या गळ्यात पडली. सिंदिया कंपनीने मालवाहू जहाजे घेऊन किनाऱ्यावरील वाहतुकीत प्रवेश केला, तर तेथे बलाढ्य प्रतिस्पर्ध्याने भाड्याचे युद्ध पुकारले. ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळाचा नूर पाडण्यात आला. माल देणाऱ्या व्यापाऱ्यांना सवलतींनी बांधून ठेवण्यात आले. टाटांच्या आणि पिल्लैंच्या बाबतीत जे घडले होते, तेच पुन्हा घडू लागले. शेकडो भागधारकांचा पैसा गुंतलेला, सहकाऱ्यांची प्रतिष्ठा पणाला लागलेली आणि बांधकामाच्या व्यवसायात मिळविलेले नाव एका जुन्या जहाजापायी जाण्याची वेळ आलेली. जहाजांच्या धंद्याचा पूर्वानुभव नसलेल्या कंत्राटदाराने हे धाडस करावयास नको होते, असे म्हणण्यास त्या काळी पुरेसा आधार होता.

या शंकेला वालचंदांनी दिलेले उत्तर त्यांच्या कृतीत दिसते. त्यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले. लॉयल्टी हे जहाज योग्य होते काय, हा एक प्रश्न. भारतीयांनी स्वतःची जहाजे चालवावीत काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीने नकारार्थी दिले आणि ते त्यांनी निमूटपणे स्वीकारले. ज्या जहाजाने कंपनीला नाव मिळवून दिले, ज्याच्याशी साऱ्या देशाच्या भावना जोडल्या गेल्या होत्या, ते लॉयल्टी १९२३ साली मुंबईत मोडीत काढण्यात आले. भावनेपोटी ते सांभाळत राहिले असते तर कंपनीही त्याच्याबरोबर बुडाली असती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांनी एका वर्षाच्या नफातोट्यावर ठरू दिले नाही. व्यवहारात नेहमी होते ते असे की, साधन फसले म्हणजे हेतूच फसला असे वाटून माणूस दोन्ही टाकून देतो; किंवा हेतू थोर आहे म्हणून फसलेले साधनही कवटाळून बसतो. वालचंदांनी हे दोन्ही टाळले.

त्याच १९२३ साली याहून कडू घोट त्यांना घ्यावा लागला. स्पर्धेत टिकाव धरण्यासाठी सिंदिया कंपनीला लॉर्ड इंचकेप यांच्या पक्षाशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यानुसार कंपनीची जहाजे एकूण ७५,००० टनांच्या पुढे जाऊ नयेत आणि तिने भारत, ब्रह्मदेश व लंका यांच्या किनाऱ्यावरील मालवाहतुकीपुरते राहावे, असे बंधन आले. म्हणजे ज्या विलायतेच्या मार्गासाठी पहिले जहाज निघाले होते, तो मार्गच सोडून द्यावा लागला. स्वाभिमानी वालचंदांना हा करार अपमानास्पद वाटत असे. तरीही कंपनी जिवंत राहिली तर पुढे बंधने सैल करता येतील. ती संपली तर पुढचा प्रयत्न करणाऱ्यास आणखी एका अपयशाचा दाखला तेवढा मिळेल, हा विचार त्यांनी केला. टाटा आणि पिल्लै यांच्या कंपन्यांना जे मिळाले नाही, ते जगण्यासाठी लागणारे दहा वर्षांचे अवकाश सिंदियाला या करारामुळे मिळाले.

ही वर्षे त्यांनी पश्चात्तापात घालविली नाहीत. किनाऱ्यावरील व्यापार भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावा, ही मागणी सिंदियाच्या मंडळींनी सातत्याने लावून धरली. १९२८ साली साराभाई हाजी यांनी त्यासाठी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले. ते त्या वेळी संमत झाले नाही, पण प्रश्न देशापुढे आला. १९२७ मध्ये डफरिन या शिक्षण-नौकेवर भारतीय तरुणांना जहाजावरील अधिकारी होण्याचे शिक्षण सुरू झाले आणि परदेशी अधिकाऱ्यांवाचून जहाज चालत नाही, या समजाला धक्का बसला. १९२९ साली नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाले. दहा वर्षांच्या सोबत्याचा आधार गेला आणि कंपनीच्या अध्यक्षपदाची धुरा वालचंदांच्या खांद्यावर आली.

या काळात त्यांच्या इतर उद्योगांचाही त्यांना मोठा आधार झाला. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन होऊन बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांसारखी अवघड कामे तिने पार पाडली. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावच्या खडकाळ माळरानावर त्यांनी शेतीचा प्रयोग केला. तेथेही प्रारंभी निराशाच पदरी आली. पण जमिनीची मशागत, पाणी आणि ऊस यांवर चिकाटीने काम होत राहिले आणि १९३३ साली तेथे साखर कारखाना उभा राहिला. पुणे जिल्ह्यातील कळंबच्या परिसरात पुढे वालचंदनगर वसले. एका क्षेत्रातील अपयशाने सारे आयुष्यच अपयशी वाटू लागते, अशा वेळी हाती दुसरे प्रामाणिक काम असणे किती मोलाचे, हे यावरून ध्यानात येते.

वालचंदांचे सर्व निर्णय त्यांच्या मनासारखे फळले, असे मात्र नाही. १९४० साली म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली; दोन वर्षांच्या आत युद्धाच्या कारणास्तव सरकारने ती ताब्यात घेतली. मोटारींचा कारखाना काढण्याच्या बेताला सरकारी नकारामुळे विलंब झाला आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली आकारास आली. जहाजबांधणीच्या कारखान्यासाठी कलकत्त्यास जागा मिळाली नाही, तेव्हा त्यांनी विशाखापट्टणम निवडले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले आणि काम विस्कळीत झाले. पुन्हा तोच प्रसंग आला आणि पुन्हा तीच वृत्ती कामी आली. १४ मार्च १९४८ रोजी जल उषा हे तेथे बांधलेले पहिले जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. लॉयल्टीच्या पहिल्या सफरीला त्या वेळी २९ वर्षे झाली होती.

१९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते व्यवसायातून निवृत्त झाले. अखेरच्या आजारात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची मनोभावे शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांनी देह ठेवला. तत्पूर्वी स्वतंत्र भारताने किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे धोरण स्वीकारले होते. ज्या मागणीसाठी कराराच्या बंधनातील वर्षे खर्ची पडली, ती त्यांच्या हयातीतच मान्य झाली.

वालचंदांच्या चरित्रातून केवळ धाडसाचा बोध घेतला तर तो अपुरा ठरेल. धाडस करून बुडालेल्यांची संख्या लहान नाही. निर्णय घेतल्यानंतर मनात येणाऱ्या शंकेला त्यांनी शत्रू मानले नाही आणि मालकही होऊ दिले नाही. शंकेने वही तपासण्याचे काम करावे, जुने जहाज मोडीत काढावयास सांगावे, अपमानास्पद तडजोड केव्हा आवश्यक आहे तेही दाखवावे. पण मुळात हे काम हाती का घेतले, त्या प्रश्नाचे उत्तर एका वाईट हंगामाकडे मागू नये, असा त्यांच्या वर्तनाचा अर्थ आहे. आज आपल्या जिल्ह्यातील कोणी तरुण वडिलांची अडत सोडून नवा प्रक्रिया उद्योग उभारतो, कर्ज काढतो आणि पहिल्याच वर्षी भाव पडलेले पाहतो, तेव्हा त्याच्यापुढेही हेच दोन प्रश्न असतात. यंत्र चुकले, जागा चुकली की वेळ चुकली, हे त्याने निर्भयपणे तपासावे. त्यात जे चुकले असेल ते सोडून देण्यात कमीपणा नाही. हेतू स्वच्छ असेल, तो लोकांच्या उपयोगाचा असेल आणि हिशेब खरा असेल, तर दुसऱ्या जहाजाची तयारी करण्यास त्याला कोणाची हरकत असणार नाही.