यादीत नाव नसलेला ‘नाइट ट्रेन’

डिक ‘नाइट ट्रेन’ लेन हे नाव अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या फुटबॉलवेड्याला माहीत असतं. आपल्याकडे ते कोणी ऐकलेलं नसतं, कारण तो फुटबॉलच वेगळा! अंडाकृती बॉल, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांना पॅड, आणि पायापेक्षा हाताचं काम जास्त.

या खेळात कॉर्नरबॅक नावाची एक जागा असते. समोरच्या टीमचा रिसीव्हर बॉल झेलायला पळत सुटतो, त्याला तो झेलू द्यायचा नाही, हे कॉर्नरबॅकचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण आपण कुठे वळणार हे रिसीव्हरला ठाऊक असतं, कॉर्नरबॅकला नसतं. तो आधी उलटा पळतो, समोरच्याकडे बघत बघत, आणि मग एका क्षणात कंबर फिरवून सुलटा पळू लागतो. अर्धा सेकंद उशीर झाला की सगळ्या स्टेडियमसमोर फजिती. आणि रिसीव्हरसाठी फेकलेला बॉल त्यानेच पकडला तर ते इंटरसेप्शन. कॉर्नरबॅकसाठी यापेक्षा मोठा आनंद नाही.

लेनचा जन्म 1928 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात झाला. तीन महिन्यांचा असताना त्याला रस्त्याकडेला टाकून दिलेलं होतं. एला लेन नावाच्या एका विधवेला त्याचं रडणं ऐकू आलं. तिने त्याला घरी नेलं, वाढवलं, आपलं आडनाव दिलं. शाळा झाल्यावर नेब्रास्कातल्या स्कॉट्सब्लफ इथल्या एका लहानशा ज्युनिअर कॉलेजात तो 1947 चा एकच सीझन खेळला. मग आर्मीत चार वर्षं. तिथेही फुटबॉल चालू होता. आर्मीतून बाहेर पडल्यावर त्याला लॉस एंजेलिसला विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली. तेलाने माखलेले धातूचे जड पत्रे दिवसभर उचलायचे, हे काम. ते त्याला अजिबात आवडलं नाही.

आता थोडं ड्राफ्टबद्दल. अमेरिकेत व्यावसायिक टीम्स दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंना पाळीपाळीने निवडतात. आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या टीमला साधारणपणे पहिली पाळी मिळते. म्हणजे आपल्या कॅम्पस प्लेसमेंटसारखंच, फक्त कंपनी आपण निवडायची नाही! ही पद्धत 1936 पासून चालू आहे. 1952 च्या ड्राफ्टमध्ये 12 टीम्सनी 30 फेऱ्यांत मिळून 360 खेळाडू निवडले. त्या वर्षी पहिली निवड चिठ्ठीने लॉस एंजेलिस रॅम्सला मिळाली होती. त्यांनी बिल वेड हा क्वार्टरबॅक घेतला.

360 नावं, आणि त्यात डिक लेन कुठेच नाही.

त्याच वर्षी एक दिवस लेन रॅम्सच्या ऑफिसात सरळ आत गेला. बोलावणं नाही, ओळख नाही. हातात शाळेतल्या, कॉलेजातल्या आणि आर्मीतल्या खेळाच्या बातम्यांची कात्रणं चिकटवलेली एक वही. कोच जो स्टायडाहारने ती वही बघितली आणि त्याला ट्रेनिंग कॅम्पला यायला सांगितलं. त्यात टीमचं काहीच जाणार नव्हतं. फार तर एक माणूस जास्त जेवला असता.

पहिल्यांदा त्याला रिसीव्हर म्हणून घेतलं होतं, आणि तिथे काही जमेना. रॅम्सकडे त्या जागेवर टॉम फिअर्स आणि एल्रॉय हर्श हे दोन दिग्गज होते. शिवाय व्यावसायिक टीमच्या डावपेचांची ती जाडजूड वही लेनच्या डोक्यात शिरत नव्हती. तो समजावून घ्यायला फिअर्सच्या खोलीवर जायचा. फिअर्स तिथे ‘नाइट ट्रेन’ नावाची रेकॉर्ड सारखी लावायचा. त्यावरून कोणीतरी लेनला नाइट ट्रेन म्हणून हाक मारली, आणि ते नाव आयुष्यभर चिकटलं. मग कोचने त्याला डिफेन्सला टाकून बघितलं. तिथे मात्र गाडी रुळावर आली ती थांबलीच नाही.

स्टायडाहारला हे बघायला मिळालं नाही. सीझनचा पहिलाच सामना हरल्यावर त्याचं कोचपद गेलं. पण ज्याला त्याने दार उघडून दिलं होतं, त्या नवख्या पोराने 12 सामन्यांत 14 इंटरसेप्शन्स केली. पुढे सीझन आधी 14, मग 16 आणि 2021 पासून 17 सामन्यांचा झाला. बॉल फेकायचं प्रमाणही खूप वाढलं. तरी तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. 1980 मध्ये लेस्टर हेज 13 पर्यंत पोचला होता. 2021 मध्ये ट्रेव्हॉन डिग्जने 11 केली, तर केवढं कौतुक झालं!

आजचा ड्राफ्ट बघितला तर वाटतं, आता असं होणं शक्यच नाही. 1987 पासून इंडियानापोलिसला दरवर्षी एक मोठं शिबिर भरतं. निवडक खेळाडूंना तिथे बोलावतात आणि सगळं मोजतात. उंची, वजन, हाताची लांबी, उभी उडी, 40 यार्ड पळायला लागलेला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. कॉर्नरबॅक 4.4 सेकंदांच्या आसपास पळाला की सगळे खूश. उलटं पळताना पाय अडखळतात का, कंबर सहज वळते का, बॉल हवेत असताना मान वेळेवर फिरते का, हे स्काउट्स सामन्यांच्या फिल्म पुन्हा पुन्हा लावून बघतात.

मला आधी वाटलं होतं की लेनची गोष्ट म्हणजे आकड्यांचा पराभव. माणसातला जिगर मोजता येत नाही वगैरे वगैरे. पण नीट बघितलं तर तसं नाही. लेन सहा फूट एक इंच उंच होता, वेगवान होता, हात लांब होते. आज त्याला मोजलं असतं तर तो पहिल्या काही फेऱ्यांतच गेला असता. म्हणजे टेप चुकली नव्हती. त्याच्यापर्यंत टेप घेऊन कोणी गेलंच नव्हतं! एका छोट्या कॉलेजातला एक सीझन आणि मग आर्मी. शिवाय तो कृष्णवर्णीय होता. 1934 ते 1945 या काळात या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. 1952 मध्येही काही टीम्सची दारं बंदच होती. वॉशिंग्टनच्या टीमने तर 1962 पर्यंत ती उघडली नाहीत.

लेन निवृत्त झाला 1965 मध्ये, रॅम्सनंतर शिकागो कार्डिनल्स आणि डेट्रॉइट लायन्सकडून खेळून. एकूण 68 इंटरसेप्शन्स. त्या वेळी त्याच्यापुढे एकच माणूस होता, 79 वाला एम्लेन टनेल. आणि गंमत बघा, टनेलसुद्धा 1948 मध्ये न बोलावता न्यूयॉर्क जायंट्सच्या ऑफिसात जाऊन संधी मागणारा. तोही कृष्णवर्णीय, तोही ड्राफ्टमधून न आलेला. लीगच्या इतिहासात तोपर्यंत सर्वांत जास्त बॉल पळवणारे दोघंही स्वतःच्या पायांनी दारातून आत आले होते. एकाला अपवाद म्हणून सोडून देता येतं. पण दोन्ही? मग प्रश्न पडतो की असे किती जण त्या दारापर्यंत पोचलेच नसतील.

आपण इंजिनिअर लोक यातून एक गोष्ट घेऊ शकतो. ज्याला निवडलं, तो चुकीचा निघाला तर ते वर्षभरात कळतं. ज्याला टेस्टलाच बोलावलं नाही, तो किती चांगला होता हे कधीच कळत नाही, कारण त्याचं रीडिंग घेतलेलंच नसतं. आपल्याकडे प्लेसमेंटला साठ टक्क्यांची रेघ मारतात. रेघ लागतेच, हजार जणांचे इंटरव्ह्यू कोण घेणार? पण रेघेखालच्या लोकांबद्दल आपल्याकडे डेटा नाही, एवढं तरी लक्षात ठेवावं. डेटा नसणं आणि ते लायक नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लेन काही देवमाणूस नव्हता. समोरच्याला मानेला धरून खाली पाडायची त्याची पद्धत इतकी भयंकर होती की तिला ‘नेकटाय’ म्हणायचे. असं पाडणं पुढे नियमांनी बंद झालं, आणि ते बरंच झालं. सुखही त्याच्या वाट्याला सलग आलं नाही. 1963 मध्ये त्याने प्रसिद्ध गायिका डायना वॉशिंग्टनशी लग्न केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती वारली. 1974 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

त्यानंतरचं त्याचं काम मला विक्रमाइतकंच मोठं वाटतं. 1992 पर्यंत बरीच वर्षं त्याने डेट्रॉइटमध्ये पोलिसांच्या खेळ उपक्रमाची जबाबदारी सांभाळली. शहरातल्या गरीब मुलांना मैदान, बॉल आणि कोच मिळवून द्यायचा हा उपक्रम. 29 जानेवारी 2002 ला, वयाच्या 73 व्या वर्षी, ऑस्टिनमध्येच तो गेला.

उद्या आपल्यातले काही जण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतील, दुसऱ्यांचे रेझ्युमे चाळतील. तेव्हा यादीत नाव नसलेलं कोणी वही घेऊन दारात आलं, तर निदान ती वही उघडून बघा. कॅम्पला एक ताट जास्त लागेल, एवढंच.