दृष्टिदाते डॉ. एडुआर्ड झिर्म

ज्ञातीच्या स्मरणिकेत परदेशस्थ वैद्याचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. वाचकांनी लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच आमची विनंती आहे.

एडुआर्ड झिर्म यांचा जन्म १८६३ साली व्हिएन्ना येथे झाला. तेथेच वैद्यक शिकून १८९२ साली ते मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे नेत्रविभागाचे प्रमुख झाले.

आपण ज्यास डोळ्यात फूल पडणे म्हणतो, ते म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा, अर्थात स्वच्छमंडल, पांढुरके होणे होय. प्राण्यांचे स्वच्छमंडल माणसास बसविण्याचे प्रयत्न पूर्वी झाले होते. पण ते लवकरच गढूळ होई. झिर्म यांच्याकडे चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला ग्लोगर नावाचा एक मजूर आला. त्याच सुमारास लोखंडाची कपची शिरल्यामुळे अकरा वर्षांच्या एका मुलाचा डोळा काढावा लागला. मात्र त्याचे स्वच्छमंडल निर्दोष होते. ७ डिसेंबर १९०५ रोजी झिर्म यांनी त्यातून दोन चकत्या काढून मजुराच्या दोन्ही डोळ्यांत बसविल्या. एक फसली, दुसरी स्वच्छ राहिली, आणि तो मजूर पुन्हा कामाला लागला. मानवी स्वच्छमंडलाचे हे पहिले यशस्वी रोपण होय. पुढे १९३० नंतरच्या दशकात ओडेसाच्या फिलाटोव्ह यांनी मृतांच्या नेत्रांनी हे कार्य विस्तारले. झिर्म १९४४ साली निवर्तले.

स्वच्छमंडल झिजून शंकूसारखे पुढे येण्याचा विकार बहुधा तरुणपणीच जडतो. आरंभी चष्मा व स्पर्शभिंग उपयोगी पडतात. जीवनसत्त्वाचे थेंब व अतिनील किरण यांच्या उपचाराने विकाराची वाढ बहुधा थांबविता येते. विकार बळावल्यावर मात्र रोपणावाचून गत्यंतर नसते, आणि रोपणास लागणारे स्वच्छमंडल अद्याप मुख्यतः मृताच्या डोळ्यांतूनच मिळते.

आपल्या मुंबई राज्यात यासाठी १९५७ साली कायदा झाला. १९९४ साली देशाचा कायदा झाला. परंतु कायदा घरातील शोकाकुल मंडळींच्या वतीने निर्णय घेऊ शकत नाही. नेत्र साधारणतः सहा तासांच्या आत काढावे लागतात. म्हणून विचार आधीच झालेला असावा. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यविधीसही बाध येत नाही. मधुमेह अथवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहसा आड येत नाही.

छत्रपती संभाजीनगरातील आपल्या प्रत्येक कुटुंबाने या वर्षी एकदा एकत्र बसून ही गोष्ट बोलावी. एका बालकाच्या निकामी डोळ्याने जे साधले, ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या नेत्रांनीही साधेल.