पंडिता रमाबाईंची पांढरी साडी

आपल्या किशोरवयीन कन्येचे कपाट वस्त्रांनी ओसंडत असेल, तर तिला पंडिता रमाबाईंचे चरित्र अवश्य सांगा.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. सोळाव्या वर्षी दुष्काळात त्यांचे आईवडील निवर्तले. पुढे भावासह पायी देश हिंडताना पुरेसे पांघरूणही नव्हते. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत दोघांनी वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला झाकून घेतले.

१८८२ साली त्यांना वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी साडी सोडली नाही. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो अनाथ मुलींच्या त्या आई झाल्या, देशोदेशी त्यांची कीर्ती पसरली. तरी अंगावर साधी पांढरी साडीच राहिली. बायबलचे भाषांतर करतानाही अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशीच सोपी मराठी त्यांनी निवडली. १९२२ साली त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.

विधवांवर सक्तीने लादलेली विरूपता रमाबाईंनी जवळून पाहिली होती आणि तिच्याविरुद्ध त्या झगडल्या. त्यांचा स्वतःचा साधेपणा मात्र स्वेच्छेचा होता. म्हणून वाचकहो, कन्येचे कपाट आपण रिकामे करू नका. तिच्याजवळ बसा, काय ठेवावे आणि काय गरजूंना द्यावे, हे तिलाच ठरवू द्या.